स्पर्श आणि स्वर यांचें वैद्यक

तानसेनानें दीपक राग गाइला तेव्हां विझलेले दिवे पेटले आणि त्याच्या स्वतःच्या अंगाचा दाह होऊं लागला. पुढें मल्हाराच्या सुरांनीं पाऊस पाडून तो दाह शांत करण्यांत आला, ही आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत शौल राजाला ग्रासणारी मनाची पीडा दावीदाच्या तंतुवाद्यानें दूर होत असे, असें वर्णन आहे. स्पर्शाविषयींच्या कथाही अशाच. राजानें हात लावला असतां गंडमाळा बऱ्या होतात, अशी समजूत इंग्लंड व फ्रान्स या देशांत शेंकडों वर्षें होती. अशा कथांचा एक दोष असा कीं, त्या ऐकून एक वर्ग संगीताला व स्पर्शाला जादू मानूं लागतो. आणि दुसरा वर्ग, या साऱ्या भाकडकथा आहेत असें म्हणून, त्यांतील खरा भागही टाकून देतो. वस्तुतः स्वर आणि स्पर्श यांच्या अंगीं रोग्याच्या उपयोगी पडणारें सामर्थ्य आहे. परंतु तें चमत्काराचें नसून शरीरधर्माचें आहे. त्याला मार्ग आहे, मात्रा आहे आणि मर्यादाही आहे. विशेष हें कीं, या सामर्थ्याची खरी प्रचीति जगाला आली ती बहुधा उलट्या वाटेनें, म्हणजे तें काढून घेतल्यावर काय होतें हें पाहून आली.

ही हकीकत समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अनेक रोगांचें मूळ जंतूंत आहे हें सिद्ध झालें आणि रुग्णालयांचें रूप पालटलें. स्वच्छता, निर्जंतुकता आणि एकांत हे नव्या व्यवस्थेचे आधारस्तंभ ठरले. त्यांनीं असंख्य प्राण वाचविले, यांत शंका नाहीं. परंतु जंतु माणसाच्या हातावरून येतात, तेव्हां माणसाचा हातच दूर ठेवावा, असाही एक अर्थ त्यांतून निघाला. आजारी मुलांच्या भेटीला आईबापांनीं ठरलेल्या दिवशीं व ठरलेल्या तासालाच यावें, असे नियम युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ रुग्णालयांनीं केले. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठीं पॅरिस येथें १८८० नंतरच्या दशकांत उबेच्या पेट्या प्रचारांत आल्या, आणि मूल पेटींत व आई बाहेर, अशी स्थिति झाली. त्याच शहरांतील प्रसूतिविशारद प्येर ब्यूदँ यांच्या ध्यानांत एक विपरीत गोष्ट आली. ज्या मातांना आपल्या मुलाचें कांहींच करावें लागलें नाहीं, त्यांपैकीं कांहींजणींची मुलावरची ओढच आटली. म्हणून आईला पेटीपासून दूर लोटूं नये, असा ब्यूदँ यांचा आग्रह होता. तो पुढें बराच काळ मागें पडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रेने स्पिट्झ या मनोवैद्यानें दोन संस्थांतील अर्भकांची तुलना केली. पहिली संस्था निराधार मुलांची. तेथें स्वच्छता उत्तम होती, अन्न पुरेसें होतें, वैद्यांची देखरेखही होती. पण एका परिचारिकेच्या वांट्याला सुमारें आठ मुलें येत, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टांगलेल्या असल्यामुळें मुलाला वरच्या छतावांचून फारसें कांहीं दिसत नसे. दुसरी संस्था स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेली. तेथें शिक्षा भोगणाऱ्या माता आपापल्या मुलांना स्वतः सांभाळीत. पहिल्या संस्थेंतील ९१ मुलांपैकीं ३४ मुलें दोन वर्षांच्या आंत दगावलीं. तुरुंगांतील बालगृहांत एकही दगावलें नाहीं. १९४५ व १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांच्या पद्धतीवर पुढें टीका झाली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. कारण दोन संस्थांतील भेद केवळ मायेचाच होता असें म्हणतां येत नाहीं. तथापि प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. १९५२ सालीं जेम्स रॉबर्टसन यांनीं रुग्णालयांत एकटी ठेवलेली दोन वर्षांची मुलगी दिवसेंदिवस कशी मिटत जाते, हें चित्रपटानें दाखविलें. आणि १९५९ सालीं इंग्लंडांतील एका सरकारी समितीनें आजारी मुलांच्या आईबापांस भेटीची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली. अलीकडे रुमानियांतील अनाथालयांच्या बाबतींत अधिक काटेकोर पाहणी झाली. २००० सालीं सुरू झालेल्या या प्रयोगांत १३६ मुलांपैकीं निम्मीं मुलें चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनें निवडून पालक-कुटुंबांत पाठविण्यांत आलीं. घरांत गेलेल्या मुलांची बुद्धि व त्यांच्या मेंदूचें विद्युत्कार्य हीं संस्थेंत राहिलेल्यांपेक्षां सरस ठरलीं. आणि जीं दोन वर्षांच्या आंत गेलीं, त्यांना लाभ अधिक झाला.

आतां कोणी म्हणेल कीं, मायेची उणीव ही भाषा भावनेची झाली. शरीरांत नेमकें काय घडतें? याचा शोध प्रथम उंदरांच्या पिलांत लागला. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत सॉल शॅनबर्ग व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, पिलूं आईपासून दूर केलें कीं त्याच्या रक्तांतील वाढीचें संप्रेरक घटतें. त्याला ऊब दिली, अन्न दिलें, तरी तें भरून येत नाहीं. परंतु ओल्या कुंचल्यानें, आई जिभेनें चाटते तसें, पिलाच्या अंगावरून जोरानें फिरविलें कीं संप्रेरक पुन्हां पूर्ववत् होतें. याच सूत्रावरून टिफनी फील्ड यांनीं मायामी येथें अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर प्रयोग केला. पेटीच्या झरोक्यांतून हात घालून अर्भकाचें अंग चोळावें व हातपाय हलवावे. दिवसांतून तीन वेळां, प्रत्येक वेळीं १५ मिनिटें, असा क्रम दहा दिवस चालला. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, या मुलांचें वजन दररोज इतरांच्या मानानें ४७ टक्के अधिक वाढलें, आणि तीं सरासरीनें सहा दिवस आधीं घरीं गेलीं. दूध मात्र दोन्ही गटांना सारखेंच मिळालें होतें. मुलांची संख्या अवघी ४० होती, म्हणून एवढ्यावरून फार मोठा सिद्धान्त बांधतां येत नाहीं. पण स्पर्श हा लाड नसून वाढीला लागणारा एक जिन्नस आहे, ही कल्पना तेव्हांपासून वैद्यकांत रुजली.

पुढील उलगडा त्वचेच्या अभ्यासानें केला. त्वचेपासून मेंदूकडे स्पर्शाची वार्ता नेणाऱ्या दोन वाटा आहेत. एक वाट जाड व वेगवान तंतूंची. वस्तु खडबडीत कीं गुळगुळीत, सुई टोंचली तर नेमकी कोठें, हें ती क्षणार्धांत कळविते. दुसरी वाट बारीक तंतूंची. तिची गति सेकंदाला सुमारें एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढीच. हे तंतु केसाळ त्वचेंत, विशेषतः हात, पाठ, चेहरा अशा ठिकाणीं असतात, आणि त्यांना हळुवार कुरवाळण्याचीच भाषा कळते. स्वीडनमधील संशोधकांनीं त्यांची नोंद घेतली तेव्हां एक सुरेख गोष्ट उघड झाली. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगानें फिरला तरच हे तंतु भरपूर जागृत होतात. त्याहून सावकाश किंवा त्याहून झरझर फिरल्यास ते मंदावतात. हात माणसाच्या त्वचेइतका उबदार असेल तर त्यांचा प्रतिसाद सर्वांत अधिक. एका रुग्णाच्या जाड तंतूंचें कार्य आजारानें नष्ट झालें होतें. त्या व्यक्तीला हाताला काय लागलें हें नीट सांगतां येईना, पण कुंचला हळूच फिरविला असतां कांहीं अंधुक सुखकर वाटत आहे, एवढें कळे. यावरून ही वाट स्वतंत्र आहे हें स्पष्ट झालें. ती मेंदूच्या ज्या भागांत जाऊन पोंचते, तो भाग शरीराची अंतःस्थिति व भावना यांच्याशीं निगडित आहे. बाळाला कुरवाळावयास सांगितलेले आईबाप आपोआप याच वेगानें हात फिरवितात, असेंही दिसून आलें आहे. त्यांना हा वेग कोणींही शिकविलेला नसतो.

स्पर्शाच्या उपचाराची सर्वांत मोठी कसोटी मात्र दारिद्र्यानें घेतली. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानींत मातृबाल-संस्थेच्या रुग्णालयांत उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत. एकेका पेटींत दोन-तीन अर्भकें ठेवावीं लागत. एकाचा रोग दुसऱ्याला होई. दुरावलेल्या कांहीं माता मूल तेथेंच टाकून जात. १९७८ सालीं एद्गार रे सानाब्रिया या बालवैद्यानें आईलाच पेटी करण्याचें ठरविलें. अर्भकाला लंगोट व टोपी एवढेंच घालून आईच्या उघड्या छातीवर उभें, बेडकाच्या ठेवणींत ठेवावयाचें, वरून कापडानें बांधावयाचें, आईचेंच दूध द्यावयाचें, आणि प्रकृति सांवरतांच दोघांना घरीं पाठवावयाचें, अशी ती पद्धति. एक्तोर मार्तीनेस हे त्यांचे सहकारी. कांगारू हा प्राणी आपलें अपुरें वाढलेलें पिलूं पिशवींत वाढवितो, त्यावरून हिला कांगारू मातृसेवा असें नांव पडलें. पुढें बापानें, आजीनें किंवा मावशीनेंही ही सेवा करावी, असा प्रघात पडला. १९९३ ते १९९६ या काळांत तेथेंच जन्मलेल्या मुलांचा वीस वर्षांनीं पुन्हां शोध घेण्यांत आला, तेव्हां छातीवर वाढलेलीं मुलें शाळेला कमी गैरहजर राहिलेलीं व स्वभावानें कमी आक्रमक असलेलीं आढळलीं.

तरीही एक मोठी अडचण उरली होती. ही सेवा मूल स्थिर झाल्यावर द्यावी, असा दंडक होता; आणि सर्वांत अशक्त मुलें स्थिर होण्यापूर्वींच दगावत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पांच देशांत प्रयोग केला. भारतांतील केंद्र दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय. एक किलोपासून पावणेदोन किलोंच्या आसपास, म्हणजे १,७९९ ग्रॅमपर्यंत वजनाचीं ३,२११ अर्भकें त्यांत होतीं. एका गटाला जन्मतःच आईच्या छातीशीं दिलें. आईच्या खाटेसाठीं अतिदक्षता विभागांतच जागा केली. दुसऱ्या गटाला प्रथम पेटींत ठेवून स्थिर झाल्यावर आईकडे दिलें. विभागांत असतांना पहिल्या गटांतील मुलें दिवसाचे सुमारें १७ तास छातीवर राहिलीं, दुसऱ्या गटांतील दीड तास. २८ दिवसांच्या आंत पहिल्या गटांतील शेंकडा १२ मुलें दगावलीं, दुसऱ्या गटांतील शेंकडा १५·७. म्हणजे मृत्यु सुमारें एक-चतुर्थांशानें घटले. हा फरक इतका स्पष्ट दिसूं लागला कीं, दुसऱ्या गटाला या लाभापासून वंचित ठेवणें योग्य नव्हे, म्हणून प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. हे आंकडे २०२१ सालीं प्रसिद्ध झाले, आणि २०२२ सालीं संघटनेनें जन्मतःच ही सेवा सुरू करावी, अशी शिफारस केली.

यांत चमत्कार कोणता? कोणताही नाहीं. आईची छाती अर्भकाला ऊब देते. अर्भकाच्या त्वचेवर प्रथम वस्ती करणारे जंतु हे रुग्णालयांतील उग्र जंतु नसून आईच्या अंगावरील सौम्य जंतु असतात. छातीशीं असल्यामुळें दूध लवकर व वारंवार मिळतें. अनेक परक्या हातांची हाताळणी कमी होते. आणि मुलाचा श्वास अडखळला तर तें प्रथम आईलाच कळतें. ज्या जंतुभयानें आईला दाराबाहेर ठेवलें, त्याच जंतुशास्त्रानें तिला परत आंत आणलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. भारत सरकारनेंही २०१४ सालीं कांगारू मातृसेवेची आणि २०१७ सालीं नवजात-कक्षांत कुटुंबियांना सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलेलीं आहेत.

महाराष्ट्रांतील घरांना बाळाच्या स्पर्शोपचाराची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. पायांवर बाळ आडवें घेऊन त्याला तेल लावणें, ऊन पाण्यानें न्हाऊं घालणें आणि मग दुपट्यांत गुंडाळून निजविणें, हा परिपाठ पिढ्यान् पिढ्यांचा आहे. त्यांतील तत्त्व उत्तम आहे. मात्र त्यांतील सर्वच गोष्टी उत्तम आहेत असें नव्हे. न्हाणानंतरची धुरी बाळाच्या फुप्फुसांना अपायकारक असते. नाका-कानांत तेल सोडणें धोक्याचें. आणि अशक्त बाळाला जोरजोरानें रगडणें तर सर्वथा वर्ज्य. तेलाचीही निवड महत्त्वाची. ढाका येथील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या अंगाला सूर्यफुलाचें तेल हलक्या हातानें लावलें, तेव्हां जंतुसंसर्गाचें प्रमाण ४१ टक्क्यांनीं घटल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें; उलट मोहरीच्या तेलानें त्वचेचा नैसर्गिक बांध कमकुवत होतो, असें दुसऱ्या प्रयोगांत दिसलें. परंपरा आणि परीक्षा या एकमेकींच्या वैरिणी नव्हत, हें यावरून ध्यानांत यावें.

न्हाऊं घातलेलें बाळ पाळण्यांत जातें आणि अंगाई सुरू होते. येथें स्पर्शाचा प्रांत संपून स्वराचा प्रांत लागतो असें वाटतें. पण शरीराच्या दृष्टीनें ही सीमा पुसटच आहे. ध्वनि म्हणजे हवेचें स्पंदन. कानाच्या आंत शंखासारख्या वळलेल्या पोकळींत केसाळ टोंकांच्या सूक्ष्म पेशी असतात. स्पंदनानें तीं टोंकें लवतात आणि त्या लवण्याचीच वार्ता मेंदूला ध्वनिरूपानें कळते. तेव्हां ऐकणें हाही दुरून झालेला एक स्पर्शच होय. गर्भाला सुमारें पंचविसाव्या आठवड्यापासून ऐकूं येऊं लागतें, आणि सर्वांत जवळचा स्वर आईचा असतो. १९८० सालीं अमेरिकेंत झालेल्या एका प्रयोगांत अवघ्या दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडांत चोखणी देऊन, चोखण्याच्या लयीवर आवाज बदलण्याची योजना केली. तेव्हां बाळांनीं परक्या स्त्रीपेक्षां स्वतःच्या आईचा आवाज ऐकूं येईल, अशा रीतीनें चोखण्याची लय बदलली.

अपुऱ्या दिवसांचें मूल मात्र या परिचित ध्वनींतून अकस्मात् यंत्रांच्या कर्कश घंटांत येऊन पडतें. म्हणूनच नवजात-कक्षांतील आवाज ४५ डेसिबेलपेक्षां अधिक नसावा, असें अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संघटनेनें सुचविलें आहे. २०१३ सालीं तेथील ११ रुग्णालयांतील २७२ अर्भकांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आईबापांना प्रिय असलेलें एखादें गाणें अंगाईच्या संथ चालींत प्रत्यक्ष म्हटलें गेलें. कांहीं वेळां गर्भांतील ध्वनींसारखे सौम्य ध्वनि वाद्यांनीं काढले. परिणामीं हृदयाची गति मंदावली, चोखण्यांत व झोपेंत सुधारणा दिसली, आणि आईबापांची चिंता उतरली. परंतु उत्साहाच्या भरांत दुसरी बाजू विसरतां कामा नये. पुढें पांच देशांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, अशा संगीतानें माता व बालक यांच्यांतील जिव्हाळ्यांत मोजतां येण्याजोगी वाढ झाल्याचें आढळलें नाहीं. यावरून संगीत निरुपयोगी ठरत नाहीं. तें कशाला उपयोगी व कशाला नाहीं, एवढेंच ठरतें.

प्रौढांच्या रोगांत संगीताचें सामर्थ्य सर्वांत विस्मयकारक दिसतें तें वाचा गेलेल्यांच्या बाबतींत. पक्षाघाताच्या झटक्यानें मेंदूच्या डाव्या अर्ध्याची हानि झाली तर पुष्कळदां बोलणें जातें. त्या अर्ध्यांतील पुढच्या भागाचा वाचेशीं संबंध आहे, हें पॉल ब्रोका यांनीं १८६१ सालीं पॅरिस येथें दाखविलें. पण त्याच्याही आधीं, १७४५ सालीं, स्वीडनमधील ऑलोफ डालिन यांनीं एका रोग्याची नोंद करून ठेविली होती. त्याला धड बोलतां येत नसे. परंतु ठाऊक असलेलीं स्तोत्रें तो इतरांबरोबर स्पष्ट शब्दांत गात असे. १९७३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील चिकित्सकांनीं या विसंगतीचाच उपचार बनविला. ‘पाणी हवें’ यासारखें रोजच्या गरजेचें एखादें छोटें वाक्य दोनच स्वरांत, उंच व नीच, लयीनें म्हणावयाचें. प्रत्येक अक्षराबरोबर चिकित्सकानें रोग्याचा डावा हात आपल्या हातांत घेऊन हलका ठेका धरावयाचा. मग हळूहळू स्वर काढून घेत घेत तेंच वाक्य साध्या बोलण्यावर आणावयाचें. गाण्याचे व्यापार मेंदूच्या उजव्या अर्ध्यांतही चालतात, म्हणून उजवी बाजू डावीच्या मदतीला येते, असा या पद्धतीमागचा विचार. स्वरापेक्षां लय व परिचित शब्द यांचाच भाग मोठा असावा, असें जर्मनींतील अलीकडचें संशोधन सुचवितें. वाद मिटलेला नाहीं. पण अमेरिकेंतील लोकप्रतिनिधि गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ सालीं डोक्यांत गोळी लागून वाचा गेल्यावर, ती परत मिळविण्याच्या प्रयत्नांत गाण्याचा उपयोग झाला, हें सर्वश्रुत आहे. या उपचारांत स्वर व स्पर्श एकत्र नांदतात, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

लयीचा दुसरा उपयोग कंपवाताच्या रोग्यांना होतो. या रोगांत मेंदूच्या खोल भागांतील ज्या केंद्रांकडून पावलांना अंतस्थ ताल मिळतो, तीं क्षीण होतात. पाऊल आंखडतें, अडखळतें, कधीं दारांतच जमिनीला खिळतें. अशा वेळीं बाहेरून ठोका मिळाला तर मेंदू दुसऱ्या वाटेनें पावलाला चालना देतो. १९९६ सालीं मायकेल थाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रोग्यांना तीन आठवडे तालावर चालण्याचा सराव दिला, तेव्हां त्यांच्या चालण्याचा वेग सुमारें २५ टक्क्यांनीं वाढला. पंढरीच्या वाटेवर दिंडींतील वृद्ध वारकरी टाळमृदंगाच्या ठेक्यावर मैलच्या मैल कसे चालून जातात, याचें नवल करणाऱ्यांना हें तत्त्व समजावयास जड जाणार नाहीं. जात्यावर दळतांना ओवी म्हणणाऱ्या स्त्रियाही लयीकडून श्रमाचा भार उचलवून घेत असत. अर्थात् निरोगी पावलाला ताल हा आनंद आहे. कंपवाताच्या पावलाला तो काठी आहे. ठोका थांबल्यावर व सराव सुटल्यावर लाभही ओसरूं लागतो, म्हणून हा उपचार नित्याचा असावा लागतो. औषधें तर चालू ठेवावींच लागतात.

वेदना आणि भय यांच्या बाबतींत दोघांचेंही साह्य मोलाचें आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं आवडीचें संगीत ऐकल्यानें रोग्याची चिंता कमी होते, असें अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांत दिसून आलें आहे. स्पर्शाचा असाच एक प्रयोग २००६ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांतील जेम्स कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांना पायाला विजेचा सौम्य धक्का बसण्याची सूचना देऊन त्यांच्या मेंदूचें चित्रण करण्यांत आलें. हात कोणींही धरला नसतां मेंदूंतील भयाची खळबळ सर्वांत अधिक. अनोळखी माणसानें हात धरला असतां ती कांहींशी कमी. पतीनें धरला असतां पुष्कळच कमी. त्यांतही ज्यांचा संसार अधिक समाधानाचा, त्यांना लाभ अधिक. म्हणजे हात हें केवळ साधन. त्यामागचा विश्वास हा उपचाराचा अर्धा भाग होय.

या साऱ्या ज्ञानाची कठोर परीक्षा २०२० सालच्या महामारींत झाली. संसर्गाच्या भीतीनें रुग्णालयांचे दरवाजे पुन्हां बंद झाले. असंख्य माणसें आप्तांचा हात हातांत न घेतां गेलीं. २०२१ सालीं ब्राझीलमध्यें परिचारिकांनीं रबरी हातमोज्यांत कोमट पाणी भरून ते रोग्याच्या हाताभोवतीं बांधले, म्हणजे कोणीतरी हात धरला आहे असें त्याला वाटावें. या उपायाचीं छायाचित्रें जगभर पसरलीं. अनेक ठिकाणीं नवजात बालकेंही मातांपासून वेगळीं ठेवण्यांत आलीं. ही सावधगिरी समजण्यासारखी होती. पण तिचा हिशेब कोणीतरी मांडणें अवश्य होतें. २०२१ सालीं तो मांडला गेला. १२७ देशांत सर्व पात्र अर्भकांना कांगारू मातृसेवा मिळाली, तर सव्वा लाखाहून अधिक जीव वाचतील. आणि सर्व माता संसर्गित आहेत असें धरलें तरी त्या संसर्गानें दगावणाऱ्या अर्भकांची संख्या दोन हजारांच्या आंतच राहील. दूर ठेवण्याचीही किंमत असते, आणि ती मोजल्यावांचून दूर ठेवूं नये, हा या हिशेबाचा धडा आहे.

आतां मर्यादांचा विचार. स्वरानें गांठ विरघळत नाहीं, स्पर्शानें जंतु मरत नाहींत. आणि एखाद्या रागाच्या श्रवणासाठीं अगर हाताच्या उपचारासाठीं जो वैद्याचें औषध बंद करावयास सांगतो, त्याच्यापासून सावध राहणें हेंच श्रेयस्कर. संगीत रोग्याच्या आवडीचें नसेल तर तें संगीत न राहतां गोंगाट होतें. शेजारच्या खाटेवरील रोग्याला तर तें नेहमींच गोंगाट ठरण्याचा संभव असतो. स्पर्शाला अनुमति हवी. परक्या हातानें आंखडणारा, पूर्वीं हाताचा दुरुपयोग सोसलेला, किंवा त्वचेच्या वेदनेनें पोळणारा रोगी असेल, तर त्याला न विचारतां लावलेला हात उपचार नसून उपद्रव होय. फारच अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला वरवर कुरवाळणें सोसत नाहीं. स्थिर, उबदार तळहात ठेवणें अधिक मानवतें. थोडक्यांत, औषधाला जें जें पथ्य, तें तें यांनाही आहे.

या पथ्याच्या आंत राहून प्रत्येक घराला करण्यासारखें पुष्कळ आहे. कमी वजनाचें मूल जन्मलें तर त्याला छातीशीं केव्हां घेतां येईल, हा प्रश्न घरच्यांनीं पहिल्याच दिवशीं विचारावा. आणि आई थकलेली असेल तर बापानें अगर आजीनें छाती उघडी करून बसण्यांत संकोच मानूं नये. वाचा गेलेल्या वडीलधाऱ्या माणसासमोर गप्प बसण्यापेक्षां त्यांना पाठ असलेला अभंग किंवा आरती त्यांच्याबरोबर संथपणें म्हणून पाहावी. रुग्णालयांत भेटीस जाणारानें फळांची पिशवी टेबलावर ठेवून दारापाशीं उभें न राहतां हात स्वच्छ धुवावे, रोग्याची अनुमति घ्यावी, आणि जवळ बसून त्याचा हात कांहीं वेळ हातांत घ्यावा. रुग्णालयांच्या चालकांनींही भेटीचे तास ठरवितांना जंतूंबरोबर या गोष्टीचा विचार करावा. यासाठीं लागणारीं साधनें बाजारांत विकत घ्यावीं लागत नाहींत. लागते ती जागा, वेळ आणि परवानगी. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या बाबतींत तरी हें आतां हौसेचें काम राहिलेलें नाहीं. शंभरांमागें तीन-चार जीव अधिक वाचण्याचा हा प्रश्न आहे.